काळी पाचची पांढरी एक : ट्यूबाची पट्टी बदलण्याचा खटाटोप

ट्यूबा हे सिंफनी ऑर्केस्ट्रातले आणि बँडमधले सर्वांत खालच्या सुरांचे पितळी वाद्य. ते चार वेगवेगळ्या पट्ट्यांत बनते आणि प्रत्येक देशाने, प्रत्येक प्रकारच्या वाद्यवृंदाने आपापली पट्टी ठरवून टाकली आहे. म्हणून वादकापुढे आणि कारागिरापुढे एक प्रश्न पुनःपुन्हा येतो. हातातले वाद्य एका पट्टीचे आहे, नोकरी मागते दुसऱ्या पट्टीचे. नवे घेण्याची ऐपत नाही किंवा जुन्याचा आवाज सोडवत नाही. मग आहे तेच वाद्य बदलून घेता येईल का? येते, आणि एकापेक्षा अधिक मार्गांनी येते. प्रत्येक मार्गात काय साधते, काय बिघडते आणि मुळात हा खटाटोप करावा का, याचा हा आढावा.

चार पट्ट्या, चार घराणी

पट्ट्यांची नावे पेटीवरच्या ओळखीच्या हिशेबाने घेतली तर ट्यूबाचे चार प्रकार असे : एफ म्हणजे पांढरी चार, ई-फ्लॅट म्हणजे काळी दोन, सीसी म्हणजे खर्जातली पांढरी एक आणि बीबी-फ्लॅट म्हणजे त्याहूनही खालची काळी पाच. पहिल्या दोघांना बास ट्यूबा म्हणतात, पुढच्या दोघांना कॉन्ट्राबास.

सुरुवात पांढरी चारने झाली. प्रशियाच्या लष्करी बँडांचा प्रमुख विल्हेल्म वीप्रेख्ट आणि वाद्यकार योहान गॉटफ्रीड मोरिट्झ यांनी १८३५ मध्ये बर्लिनमध्ये पाच व्हॉल्व्हच्या बास ट्यूबाचे पेटंट घेतले. त्याआधी खालचे सूर सर्पेंट आणि ऑफिक्लाइड ही छिद्रांची वाद्ये कशीबशी सांभाळत. पुढच्या दशकात बोहेमियातल्या चेर्वेनी या वाद्यकाराने आणखी मोठे कॉन्ट्राबास ट्यूबे घडवले. तिथून वाटा फुटल्या. जर्मनी आणि ऑस्ट्रियात हलक्या कामाला पांढरी चार आणि जड कामाला काळी पाच अशी जोडी रूढ झाली. इंग्लंडच्या ब्रास बँडांत दोन काळी दोनचे आणि दोन काळी पाचचे असे चार बास ठरून गेले. फ्रान्सने वेगळेच केले : सहा व्हॉल्व्हचा, सीसीच्या वरच्या सप्तकातला छोटा पांढरी एकचा ट्यूबा. मुसोर्ग्स्कीच्या ‘पिक्चर्स अॅट अॅन एक्झिबिशन’चे १९२२ मध्ये ऑर्केस्ट्रासाठी रूपांतर करताना राव्हेलने बैलगाडीच्या प्रसंगातले एकलवादन याच छोट्या वाद्यासाठी लिहिले. ते इतके उंच आहे की मोठा ट्यूबा घेऊन बसलेल्या वादकाला आजही घाम फुटतो. अमेरिकेत शाळांचे आणि रस्त्यावरचे बँड काळी पाचवर राहिले, ऑर्केस्ट्रा मात्र पांढरी एकवर स्थिरावले.

आपल्या विषयातले सर्वाधिक काम या शेवटच्या फाट्यावरच झाले आहे. अमेरिकेत काळी पाचचे ट्यूबे हजारोंनी बनले, कारण गिऱ्हाईक शाळा आणि बँड होते. ऑर्केस्ट्रात शिरू पाहणाऱ्याला मात्र पांढरी एक हवी होती आणि ती दुर्मीळ व महाग होती. मग काळी पाच कापून पांढरी एक करणे हा तिथल्या दुरुस्ती कारखान्यांचा एक उद्योगच होऊन बसला.

पट्टी म्हणजे लांबी

पेटीवाला स्केल चेंजरची पट्टी सरकवतो आणि तीच बोटे नव्या षड्जावर चालू लागतात. ट्यूबात असे सरकवण्याजोगे काही नाही. वाद्याचा षड्ज त्याच्या नळीच्या एकूण लांबीत असतो. पांढरी चारची नळी सरळ केली तर सुमारे ३.७ मीटर भरेल, काळी दोनची ४.१, पांढरी एकची ४.९ आणि काळी पाचची ५.५ मीटर. अर्धा स्वर खाली जायला लांबी जवळजवळ ६ टक्के वाढावी लागते, अख्खा स्वर जायला सव्वाबारा टक्के.

व्हॉल्व्ह हेच करतात. दुसरा व्हॉल्व्ह दाबला की नळीला ६ टक्क्यांचा जादा वळसा जोडला जातो आणि सूर अर्धा स्वर उतरतो. पहिला एक स्वर उतरवतो, तिसरा दीड, चौथा अडीच. त्यांच्या मेळाने बारा स्वर मिळतात, म्हणून कोणत्याही पट्टीच्या ट्यूबावर कोणतीही रचना वाजवता येते. हा मुद्दा नीट ध्यानात ठेवायला हवा, कारण पट्टी बदलल्याने एकही नवा स्वर मिळत नाही. बदलतात ती बोटे, वाद्याची चपळाई, आवाजाचा पोत आणि बेसूर स्वरांची यादी.

दुसरी गोष्ट हिशेबाची. व्हॉल्व्हच्या वळशाची लांबी मूळ नळीच्या प्रमाणात असते. मूळ नळी बदलली की सगळे वळसे बदलणे आले. पट्टी बदलण्याच्या प्रत्येक उपायाची परीक्षा इथेच होते.

करवतीशिवायचे मार्ग

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मुख्य ट्यूनिंग स्लाइड बाहेर ओढणे किंवा जास्त लांब स्लाइड बसवणे. छोट्या फरकाला तो पुरतो. त्याचे मोठे उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. तिथले ब्रास बँड विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘हाय पिच’मध्ये वाजवत होते. त्यात धैवताची, म्हणजे पांढरी सहाची कंपने सेकंदाला ४५२.५ धरली जात, तर जगाने ४४० मान्य केली होती. फरक जवळजवळ पाव स्वराचा. १९६० च्या दशकात बँडांनी हा चढा सूर सोडला, तेव्हा जुनी वाद्ये उतरवावी लागली. काळी दोनच्या ट्यूबाला त्यासाठी साधारण ११ सेंटिमीटर जादा नळी लागते. स्लाइडला दोन पाय असतात, म्हणून प्रत्येकी साडेपाच सेंटिमीटर. पण एवढ्यावर भागत नाही. तिसऱ्या व्हॉल्व्हच्या वळशालाही दोन सेंटिमीटर हवे असतात आणि पहिल्याला त्याहून थोडे कमी. त्यातही इंग्लिश ट्यूबांत डेव्हिड ब्लेकलीने १८७४ मध्ये पेटंट घेतलेली ‘कॉम्पेन्सेटिंग’ रचना असते. तीत चौथ्या व्हॉल्व्हबरोबर वापरायचे छोटे वळसे आतच गुंफलेले असतात आणि त्यांची लांबी वाढवणे फार किचकट असते. जुन्या बाजारात एखादा देखणा इंग्लिश ट्यूबा कवडीमोलाने मिळत असेल, तर तो न बदललेला हाय पिचचा तर नाही, हे आधी तपासावे.

दुसरी युक्ती नवख्यांना हमखास सुचते. पांढरी एकच्या ट्यूबाचा पहिला व्हॉल्व्ह दाबूनच ठेवला तर नळी ५.५ मीटरची होते. मग ती काळी पाच झाली की! मोकळ्या स्वरांपुरती होते. दुसरा व्हॉल्व्ह दाबताच पितळ उघडे पडते. त्याचा वळसा ४.९ मीटरच्या नळीसाठी मापलेला आहे. नव्या लांबीला तो आखूड पडतो आणि सूर सुमारे १० सेंट चढा लागतो (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट). तिसऱ्या व्हॉल्व्हला ही चूक आणखी वाढते. शिवाय एक व्हॉल्व्ह कायमचा अडकला, तो वेगळाच तोटा.

यावरचे सरळ उत्तर म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हला दोन्ही पट्ट्यांचे वेगळे वळसे देणे. डबल फ्रेंच हॉर्न याच तत्त्वावर चालतो. ट्यूबातही पांढरी चार आणि काळी पाच एकाच अंगात बसवणारे ‘डबल’ प्रकार बनले. पण हॉर्नच्या वळशात जी गुंफण तळहातात मावते, ती ट्यूबात वजन आणि किंमत दोन्ही वाढवते. व्हिएन्नाच्या वादकांनी पांढरी चारलाच सहा व्हॉल्व्ह दिले, तीन एका हाताला आणि तीन दुसऱ्याला. पट्टी तीच राहिली, पण खालच्या सप्तकातल्या उणिवा भरून निघाल्या.

करवत लागते तेव्हा

आता मुख्य शस्त्रक्रिया. काळी पाचची पांढरी एक करायची तर ५.५ मीटरमधले सुमारे ६० सेंटिमीटर काढायचे. आकडा सोपा आहे, अवघड प्रश्न ते कुठून काढायचे हा आहे.

ट्यूबाची नळी सर्वत्र सारखी नसते. माउथपीसकडून कर्ण्याकडे ती रुंदावत जाते, फक्त व्हॉल्व्ह आणि ट्यूनिंग स्लाइडच्या भागात ती समान व्यासाची असते. समान व्यासाच्या भागातून तुकडा काढला तर दोन्ही टोके पुन्हा नीट जुळतात. पण तिथे एवढी लांबी क्वचितच शिल्लक असते. ट्यूनिंग स्लाइडचे पाय आखूड केले तर २०-३० सेंटिमीटर निघतात, उरलेले माउथपाइप आणि व्हॉल्व्हनंतरच्या पहिल्या फांद्या यांतून काढावे लागतात. फांदी रुंदावत जाणारी असल्याने मधला तुकडा काढला की एक टोक बारीक आणि दुसरे मोठे उरते. मग कारागीर एक टोक मँड्रेल नावाच्या निमुळत्या साच्यावर ताणून मोठे करतो, सांध्याला नवी कडी बसवतो किंवा दुसऱ्या मोडीतल्या वाद्याची जुळणारी फांदी शोधतो. कर्ण्याकडच्या मोठ्या कमानींना शहाणा माणूस हात लावत नाही. ट्यूबाचा आवाज म्हणून ज्याला आपण ओळखतो तो बराचसा तिथेच घडतो.

त्यानंतर व्हॉल्व्हचे वळसे. दुसऱ्याचे साडेतीन सेंटिमीटर जायला हवेत, पहिल्याचे साडेसात, तिसऱ्याचे साडेअकरा आणि चौथ्याचे वीस. पायांमागे याच्या निम्मे. हे न करता नुसती मूळ नळी कापली तर दुसरा व्हॉल्व्ह १२ सेंट, पहिला २३ आणि तिसरा ३३ सेंट उतरा बोलतो. म्हणजे वाद्य मोकळ्या स्वरांत सुरेल आणि व्हॉल्व्ह दाबताच बेसूर. त्यातही दुसऱ्याचा वळसा मुळातच इतका आखूड असतो की कापायला सरळ नळी जेमतेम मिळते.

कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी वाद्य फुंकून गरम करायचे आणि प्रत्येक स्वराची नोंद ट्यूनरवर घ्यायची. हवेचे तापमान एका अंशाने बदलले तर सूर सुमारे ३ सेंट हलतो, म्हणून थंड वाद्याच्या मापावर करवत चालवणे धोक्याचे. मग डाख वितळवून सांधे सोडवायचे. ज्योतीने लॅकर जळतो, तो गेला असेच धरून चालायचे. पहिल्या फेरीत कमीच कापायचे, सांधे तात्पुरते जोडून वाजवून बघायचे आणि मग पुढचा काप घ्यायचा. लक्ष्य असे की ट्यूनिंग स्लाइड दोन-तीन सेंटिमीटर बाहेर असताना वाद्य सुरात यावे. मग थंडीत ती आत ढकलायला आणि उन्हाळ्यात बाहेर ओढायला जागा राहते. शेवटी आधारपट्ट्या नव्याने बसवायच्या, कारण नळी आखूड झाली की व्हॉल्व्हचा संच सरकतो, माउथपाइपचा कोन बदलतो आणि वादकाच्या ओठांपाशी ती नीट आली नाही तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात जाते. बरेच जण याच वेळी पाचवा व्हॉल्व्हही जोडून घेतात. पहिला आणि तिसरा एकत्र दाबले की स्वर ३० सेंट चढतो, तिन्ही दाबले तर ५० सेंटहून अधिक. खर्जातला हा चढेपणा चौथ्या-पाचव्या व्हॉल्व्हशिवाय आवरत नाही.

या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. एका स्वराचा बदल वाद्य पचवते. काळी दोनची पांढरी चार करण्याचे प्रयोगही होतात, तिथे साधारण ४५ सेंटिमीटर जातात. पण काळी पाचची काळी दोन करायची म्हटली तर जवळजवळ १.४ मीटर काढावे लागतील. मग उरलेल्या नळीच्या मानाने कर्णा अवाढव्य होतो आणि वाद्याच्या स्वरांचे एकमेकांशी नातेच तुटते.

गंधार जातो कुठे?

तानपुऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार आपल्या कानांना ओळखीचा आहे. तो मूळ कंपनाच्या पाचपट असतो आणि पेटीच्या गंधारापेक्षा १४ सेंट उतरा असतो. ट्यूबा वाजतो तो याच स्वयंभू स्वरांच्या शिडीवर. ओठ आवळत गेले की वादक एकेक पायरी चढतो आणि पाचव्या पायरीवर हाच उतरा गंधार भेटतो. मैफलीत जो गंधार हवाहवासा, तोच पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रात समान अंतराच्या सप्तकाशी जुळत नाही. ट्यूबावादक तो स्वर टाळतो किंवा दुसऱ्या बोटांनी काढतो. काळी पाचच्या वाद्यावर तो येतो पांढरी दोनवर. तेव्हा सहाव्या पायरीवर जाऊन पहिला आणि दुसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबला की तोच स्वर थोडा चढा, पण चालण्याजोगा मिळतो.

वाद्य कापून पांढरी एक केले की हा उतरा गंधार पांढरी तीनवर सरकतो. दोष गेला नाही, त्याने पत्ता बदलला. व्हायोलिनादी तारवाद्यांच्या सोयीच्या पट्ट्यांतले संगीत वाजवणाऱ्याला पांढरी एकवरची बोटे सोपी पडतात. बँडच्या संगीतात कोमल स्वरांच्या पट्ट्या जास्त असतात, तिथे काळी पाच सोयीची. ऑर्केस्ट्रात पांढरी एक का, याचे व्यावहारिक उत्तर बरेचसे एवढेच आहे. त्याखेरीज कापलेल्या वाद्यात काही नवे दोष जन्मतात, कारण रुंदावत जाणाऱ्या आणि समान व्यासाच्या भागांचे प्रमाण बदललेले असते. कोणत्या पायऱ्या किती सरकतील हे आधी अचूक सांगणे कठीण. म्हणूनच एकाच मॉडेलचे दोन ट्यूबे एकाच मापाने कापले तरी एक उजवा आणि एक डावा निघू शकतो.

शिकागोचा यॉर्क

या सगळ्या उद्योगामागे एका वाद्याचे वेड आहे. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या यॉर्क कंपनीने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासाठी पांढरी एकचे मोठ्या कर्ण्याचे ट्यूबे बनवले. त्यांतला एक कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये शिकणाऱ्या आर्नल्ड जेकब्ज या तरुणाच्या हाती आला. जेकब्ज १९४४ ते १९८८ शिकागो सिंफनीत होता आणि त्याच्या यॉर्कचा भरदार, तरीही स्पष्ट आवाज अमेरिकेत ऑर्केस्ट्रातल्या ट्यूबाचा मापदंड ठरला. पुढे शिकागो सिंफनीने यॉर्कची ती वाद्ये स्वतःकडे ठेवली. स्वित्झर्लंडच्या हिर्सब्रुनर आणि जपानच्या यामाहा कंपन्यांनी त्यांच्या प्रतिकृती काढल्या.

प्रतिकृती महाग. यॉर्कचे काळी पाचचे जुने बँड ट्यूबे मात्र देशभर पडून होते, आणि यॉर्कच्या वळणाने घडवलेले होल्टन कंपनीचे ३४५ मॉडेलही. मग वादकांनी तेच कापून घेतले. काही अप्रतिम उतरले, काही नुसतेच आखूड झाले. यॉर्कची कीर्ती लांबीमुळे नव्हती, नळीच्या रुंदावण्याच्या प्रमाणामुळे होती. काप चुकला की नेमके तेच हरवते. दरम्यान कारखान्यांनीही हाच धडा गिरवला. बव्हेरियातल्या मिराफोनचे १८६ हे मॉडेल काळी पाच आणि पांढरी एक अशा दोन्ही पट्ट्यांत मिळते. कारखान्यात ही तडजोड आखणीच्या टप्प्यावरच करता येते, कापणाऱ्याला ती झालेल्या वाद्यावर करावी लागते.

बिगूलचा वारसा

अमेरिकेतल्या ड्रम कोअरची गोष्ट वेगळी. हे संचलन करणारे वाद्यवृंद लष्करी बिगूलच्या परंपरेतले, म्हणून त्यांची सगळी पितळी वाद्ये जी म्हणजे पांढरी पाचमध्ये असत. खांद्यावर घ्यायचा त्यांचा कॉन्ट्राबास काळी पाचहूनही दीड स्वर खाली. २००० सालापासून ‘ड्रम कोअर्स इंटरनॅशनल’ने कोणत्याही पट्टीची वाद्ये चालतील असा नियम केला आणि पथके झपाट्याने काळी पाचकडे वळली. जुने कॉन्ट्राबास स्वस्तात निघाले. त्यांतले काही हौशी कारागिरांनी कापून काळी पाचचे केले, त्यासाठी मीटरभर नळी काढावी लागते. हौस म्हणून हे ठीक आहे, पण त्यात जाणारे तास मोजले तर बाजारातला जुना ट्यूबा स्वस्त पडतो.

आपल्याकडे

वरातीत आणि विसर्जन मिरवणुकीत खांद्याभोवती वेटोळे घातलेला सूझाफोन दिसतो, तो ट्यूबाचाच चालता भाऊ. जॉन फिलिप सूझाच्या सूचनेवरून १८९० च्या दशकात तो घडला. मेरठमध्ये नादिर अली यांच्यासारख्या कंपन्यांनी ब्रिटिश काळापासून बँडची पितळी वाद्ये बनवली. आपल्या लष्करी बँडांची घडणही ब्रिटिश धर्तीची, म्हणजे काळी दोन आणि काळी पाचच्या परिवारातली. तेव्हा भारतातल्या वादकापुढे पट्टीचा प्रश्न सहसा बँडमधून ऑर्केस्ट्राकडे जाताना येतो. मुंबईत नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सने (एनसीपीए) २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केल्यावर ही वाट आपल्याकडेही निर्माण झाली. इथे मात्र कापण्याची मुळीच गरज नाही. ऑर्केस्ट्रातले ट्यूबाचे लेखन प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या स्वरांतच असते. वादकाने हातातल्या पट्टीची बोटे त्या लेखनाला जुळवून घेतली की काम होते. इंग्लंडमधले ऑर्केस्ट्रातले वादक काळी दोनवर हेच करतात. लंडन सिंफनीच्या जॉन फ्लेचरने ती पट्टी तिथे प्रतिष्ठित केली.

मग बदलावा का?

आढाव्यातून निघणारा निष्कर्ष असा. आवाज सुधारावा म्हणून पट्टी बदलू नये, कारण आवाज लांबीपेक्षा नळीच्या आकारात असतो. स्वर वाढावेत म्हणूनही बदलू नये, कारण ते वाढत नाहीत. बदलण्याचे एकच चांगले कारण उरते. वादकाची बोटे एका पट्टीत पक्की झालेली आहेत, त्याच्या कामाला तीच पट्टी हवी आहे आणि त्याच्या हाती लागलेल्या उत्तम कर्ण्याच्या वाद्याची पट्टी मात्र वेगळी आहे. त्यातही त्या वाद्याचे व्हॉल्व्ह झिजलेले किंवा फांद्या पोचलेल्या असतील, म्हणजे ते तसेही उघडावेच लागणार असेल, तर कापणे शहाणपणाचे. मूळ स्थितीत टिकलेल्या जुन्या यॉर्कला किंवा हाय पिचच्या इंग्लिश ट्यूबाला मात्र करवत लावू नये. नवे वाद्य केव्हाही घडवता येईल, पण शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराने नळी कशी रुंदावत नेली होती, हे सांगणारा तो पुरावा एकदा कापला की परत मिळत नाही. बाकी सगळ्यांसाठी स्वस्त मार्ग एकच आहे, तो म्हणजे दुसऱ्या पट्टीची बोटे शिकणे. त्याला काही महिने लागतात आणि चूक झाली तर दुरुस्त करता येते.